देशाच्या क्रीडा-इतिहासातील अविस्मरणीय क्षण कसा लिहावा

शाळेचे क्रीडा-प्रदर्शन, तालीम संघाची स्मरणिका, मंडळाचा वार्षिकांक किंवा ज्ञानकोशातील छोटी नोंद, यांपैकी कशासाठीही भारताच्या क्रीडा-इतिहासातील एखादा मोठा क्षण लिहायला घेतला की लिहिणाऱ्यासमोर एकच अडचण उभी राहते. तो क्षण सर्वांना ठाऊक असतो, परंतु प्रत्येकाला तो थोडा वेगळा ठाऊक असतो. आकडे बदललेले असतात, एखादा संवाद कुणीतरी मागाहून जोडलेला असतो आणि पराभूत झालेल्या प्रतिस्पर्ध्याचे नावही हरवलेले असते. माझे स्पष्ट मत असे आहे की, नोंदींतून तपासून घेतलेली हकिकत ही दंतकथेपेक्षा फिकी नसते, उलट अधिक विलक्षण निघते. म्हणून आधी नोंद पक्की करावी आणि मगच कथनाला हात घालावा. हे काम कोणत्या क्रमाने करावे आणि कुठे जपून पाऊल टाकावे, ते येथे उदाहरणांसह मांडतो.

पहिले काम क्षणाची हद्द ठरवण्याचे आहे. ‘१९८३चा विश्वचषक’ हा क्षण नव्हे, ती एक संपूर्ण स्पर्धा आहे. २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर मदनलालच्या चेंडूवर व्हिव्ह रिचर्ड्सने उंच टोलवलेला फटका कपिल देवने मागे धावत जाऊन टिपला, हा क्षण आहे. त्या एका झेलाभोवती सामना उभा करता येतो: भारताच्या १८३ धावा, श्रीकांतच्या ३८ धावा हीच दोन्ही संघांतली सर्वोच्च खेळी, रिचर्ड्स ३३ धावांवर बाद, वेस्ट इंडीज १४० धावांत गारद आणि ४३ धावांनी विजय. हद्द जितकी लहान, तितके तपासायचे तपशील मोजके राहतात आणि लेखणी भरकटत नाही. निवड करताना केवळ विजयांकडे पाहू नये. ८ ऑगस्ट १९८४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषाने ५५.४२ सेकंद नोंदवले आणि रुमानियाच्या क्रिस्तिएना कोयोकारूने ५५.४१. सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलेले ते कांस्यपदक या देशाच्या स्मरणात कित्येक सुवर्णपदकांपेक्षा खोल रुतून बसले आहे, आणि त्यामुळेच ते लिहिण्याजोगे आहे.

हद्द ठरली की सांगाडा तयार करावा. तारीख, स्थळ, स्पर्धेचे पूर्ण नाव, प्रकार किंवा वजनगट, अधिकृत निकाल आणि प्रतिस्पर्धी, इतक्या गोष्टी एका कागदावर उतरवून प्रत्येकीसमोर ती कोठून घेतली ते लिहून ठेवावे. ऑलिंपिकसाठी यजमान संयोजन समितीने प्रसिद्ध केलेला अधिकृत अहवाल हा पहिला आधार समजावा. जुने अहवाल आता संगणकीय स्वरूपात वाचायला मिळतात. क्रिकेटसाठी धावफलक आहेत. त्यानंतर त्या आठवड्याची वृत्तपत्रे पाहावीत. जुन्या ग्रंथालयांतून ‘केसरी’, ‘सकाळ’ यांसारख्या पत्रांचे अंक पाहता येतात, आणि इंग्रजी पत्रांत एका ओळीत आटोपलेली बातमी मराठी पत्रात सविस्तर सापडण्याची शक्यता, विशेषतः खेळाडू महाराष्ट्राचा असेल तेव्हा, बरीच असते. मात्र वृत्तपत्रावरची तारीख ही घटनेची तारीख नसते. युरोपातली सायंकाळची लढत आपल्याकडे एक-दोन दिवसांनी छापली जात असे आणि तीच छापील तारीख पुढे अनेक लेखांत घटनेची तारीख म्हणून उतरलेली दिसते.

सांगाडा किती उपयोगी पडतो, याचे उत्तम उदाहरण कपिल देवच्या दुसऱ्या एका खेळीचे आहे. १८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्स येथे झिंबाब्वेविरुद्ध भारताचे ५ गडी १७ धावांत बाद झाले होते. तेथून कपिलने १३८ चेंडूंत नाबाद १७५ धावा काढल्या, त्यात १६ चौकार आणि ६ षटकार होते. सय्यद किरमाणी २४ धावांवर नाबाद राहिला, दोघांनी नवव्या गड्यासाठी १२६ धावांची अभेद्य भागीदारी केली, भारताने ६० षटकांत ८ बाद २६६ धावा केल्या आणि सामना ३१ धावांनी जिंकला. एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यांत भारतीय फलंदाजाचे हे पहिलेच शतक आणि त्या वेळचा विश्वविक्रमही. या खेळीचे दूरचित्रवाणी-चित्रण उपलब्ध नाही. त्याचे कारण म्हणून बीबीसीच्या कर्मचाऱ्यांचा संप सांगितला जातो, तर दुसरीकडे असेही सांगितले जाते की, त्या दिवशी एकाच वेळी चार सामने असल्याने कॅमेरे अन्य मैदानांवर पाठवले गेले होते. येथे लिहिणाऱ्याने निवाडा करण्याची घाई करू नये. चित्रण नाही, एवढे विधान ठामपणे करावे आणि कारण ‘असे सांगितले जाते’ या शब्दांत द्यावे. खेळीचे मोठेपण मात्र संपाच्या गोष्टीवर नव्हे, धावफलकावर उभे आहे. दहाव्या क्रमांकाच्या फलंदाजाबरोबर नाबाद १२६ धावा जोडणे म्हणजे काय, हे दोन वाक्यांत नीट समजावून सांगितले, तर चित्रणाची उणीव वाचकाला जाणवत नाही.

यापुढचा टप्पा सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, तो म्हणजे त्या काळचे नियम आणि त्या काळची मोजमापाची साधने समजून घेण्याचा. आजचा नियम जुन्या क्षणाला लावला की हकिकत आपोआप खोटी होते.

मिल्खा सिंगची शर्यत घ्या. ६ सप्टेंबर १९६० रोजी रोम येथे ४०० मीटरच्या अंतिम शर्यतीत तो चौथा आला, इतके सर्वांना ठाऊक असते. त्याची वेळ मात्र कुठे ४५.६ सेकंद, तर कुठे ४५.७३ सेकंद आढळते आणि लिहिणारा गोंधळतो. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला हातातल्या घड्याळाने घेतलेला अधिकृत आकडा आहे, तर दुसरा स्वयंचलित यंत्रणेचा. तिसरा आलेला दक्षिण आफ्रिकेचा माल्कम स्पेन्स हातघड्याळावर ४५.५ आणि यंत्रावर ४५.६० होता. म्हणजे एका पद्धतीने अंतर ०.१ सेकंदाचे पडते आणि दुसऱ्या पद्धतीने ०.१३चे. लेखात मिल्खाची वेळ एका पद्धतीची आणि स्पेन्सची दुसऱ्या पद्धतीची घेतली, तर दोघे एकाच वेळी पोहोचल्याचे दिसते, किंवा अंतर सेकंदाच्या पाव भागाच्या जवळ जाते, आणि दोन्ही चित्रे चुकीची ठरतात. हा फरक पुढेही कामाला येतो. १९९८ मध्ये परमजित सिंगने कोलकात्यात ४५.७० सेकंदांची वेळ देऊन मिल्खाचा राष्ट्रीय विक्रम मोडला. ज्याला केवळ ४५.६ हा आकडा ठाऊक आहे, त्याला हा विक्रम मोडला गेलाच कसा, हे उमगत नाही. यंत्रावरच्या ४५.७३शी तुलना केली की सारे स्वच्छ होते.

याच शर्यतीबद्दल ‘मिल्खाने ऑलिंपिक विक्रम मोडला, तरीही तो चौथा आला’ असे वाक्य वारंवार लिहिले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. रोमच्या आधीचा ऑलिंपिक विक्रम ४५.९ सेकंदांचा होता आणि अंतिम शर्यतीत पहिले चौघेही त्याहून वेगाने धावले. परंतु अमेरिकेच्या ओटिस डेव्हिसने उपान्त्य फेरीतच ४५.५ सेकंद नोंदवून तो विक्रम खाली आणला होता. अंतिम शर्यतीत तर डेव्हिस आणि जर्मनीचा कार्ल कौफमन या दोघांनाही ४४.९ सेकंदांच्या विश्वविक्रमाचे श्रेय मिळाले. हे सर्व सांगितल्याने मिल्खाची कामगिरी लहान होत नाही. जगातले दोन धावपटू ज्या शर्यतीत प्रथमच ४५ सेकंदांच्या आत आले, त्या शर्यतीत तो पदकापासून वीतभर अंतरावर होता, हे चित्र मला ‘विक्रम मोडूनही हरला’ या वाक्यापेक्षा कितीतरी भव्य वाटते.

नियमांचा असाच प्रश्न नेमबाजीत आणि भारोत्तोलनात येतो. ११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने १० मीटर एअर रायफलमध्ये ७००.५ गुण मिळवून सुवर्णपदक जिंकले. त्या काळी पात्रता फेरीतले गुण अंतिम फेरीत जोडले जात, त्यामुळे ५९६ आणि १०४.५ अशी ती बेरीज आहे. पुढे अंतिम फेरी शून्यापासून सुरू करण्याचा नियम आला, म्हणून आजच्या गुणसंख्येशी तिची तुलना करता येत नाही. शेवटच्या गोळीपूर्वी फिनलंडचा हेन्री हक्किनेन बिंद्राच्या बरोबरीत होता. बिंद्राने १०.८ गुणांचा वेध घेतला आणि हक्किनेनचा वेध ९.७वर गेला, एवढे सांगितले तरी वाचकाचा श्वास रोखला जातो. विशेषणांची गरज उरत नाही. सिडनीत १९ सप्टेंबर २००० रोजी कर्णम मल्लेश्वरीने स्नॅच आणि क्लीन अँड जर्क या उचलण्याच्या दोन प्रकारांत अनुक्रमे ११० आणि १३० मिळून २४० किलो वजन उचलले आणि ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. पहिल्या दोघींची बेरीज २४२.५ किलो होती. अखेरच्या प्रयत्नात मल्लेश्वरीने १३७.५ किलो मागितले, ते उचलले गेले असते तर तिची बेरीज २४७.५ झाली असती आणि सुवर्णपदक तिचे झाले असते. ती कांस्यपदक राखण्यासाठी नव्हे, सुवर्णपदकासाठी उभी राहिली होती, हे या साध्या बेरजेतून कळते. अनेक लेखांत ही बेरीज केलेलीच नसते, याचे मला वाईट वाटते.

आता दंतकथांकडे वळू. दंतकथा पाहताच ती फेकून द्यावी, असे मी म्हणणार नाही. ती लोकांना का आवडली, हेही इतिहासाचे अंग आहे. परंतु ती घटना म्हणून लिहिता येत नाही. १५ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिनमध्ये भारताने हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा ८–१ असा पराभव केला. पावसामुळे हा सामना एक दिवस पुढे गेला होता आणि त्याआधी सरावाच्या सामन्यात जर्मनीने भारताला ४–१ असे हरवले होते, या दोन्ही गोष्टी नोंदलेल्या आहेत. मात्र या सामन्यात ध्यानचंद यांनी किती गोल केले, याविषयी नोंदींमध्ये एकमत नाही. कुठे तीन मिळतात, तर कुठे सहा. अशा वेळी दोन्ही आकडे द्यावेत, आणि आपण एखादा स्वीकारला तर कोणत्या आधारावर, ते सांगावे. हिटलरने ध्यानचंद यांना जर्मन सैन्यात मोठे पद देऊ केल्याची गोष्ट तर प्रत्येकाच्या तोंडी आहे. तिच्यासाठी एकच प्रश्न विचारावा: त्या वेळी, त्या ठिकाणी उपस्थित असलेल्या कोणी हे त्याच काळात लिहून ठेवले आहे काय? असा आधार हाती येईपर्यंत तिला ‘आख्यायिका’ म्हणावे. सरावाच्या सामन्यातला पराभव आणि त्यानंतर ८–१ अशी केलेली परतफेड, या खऱ्या घटनाक्रमात जे नाट्य आहे, त्याला हिटलरच्या टेकूची आवश्यकता नाही.

१९५०च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेची गोष्टही अशीच आहे. अनवाणी खेळण्यास परवानगी नाकारल्यामुळे भारत ब्राझीलला गेला नाही, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. प्रवासाची अडचण, सरावाला अपुरा वेळ आणि त्या काळी आपल्या फुटबॉल महासंघाला विश्वचषकापेक्षा ऑलिंपिक मोठे वाटणे, ही कारणे अधिक विश्वसनीय आहेत.

खाशाबा जाधवांची हकिकत लिहिताना तर वरच्या सर्व सूचना एकत्र लागतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ मध्ये लंडनला फ्लायवेट गटात सहावे आले आणि २३ जुलै १९५२ रोजी हेलसिंकीत फ्रीस्टाइल बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक जिंकले. हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. या वाक्यातला ‘स्वतंत्र’ हा शब्द गाळू नये, कारण १९००च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कलकत्त्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्डने मिळवलेली दोन रौप्यपदके आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती भारताच्या खात्यावर धरते, तर जागतिक ॲथलेटिक्स संघटनेच्या नोंदी ती ग्रेट ब्रिटनची मानतात. ‘वैयक्तिक’ हा शब्दही तितकाच आवश्यक आहे, कारण हॉकी संघाने १२ ऑगस्ट १९४८ रोजी वेम्बलीवर ग्रेट ब्रिटनला ४–० असे नमवून स्वतंत्र भारताचे पहिले सुवर्ण आधीच आणले होते.

खाशाबांनी कांस्यपदकाची कुस्ती जिंकली, असे काही जण आजच्या स्पर्धांवरून लिहून जातात. त्या काळी अशी वेगळी कुस्ती नसे. ऋण गुणांची पद्धत होती, चितपट न करता मिळालेल्या विजयावरही ऋण गुण चढत आणि ते साचले की मल्ल स्पर्धेबाहेर पडे. अखेरीस उरलेल्या मल्लांत जपानचा शोहाची इशी पहिला, सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव दुसरा आणि खाशाबा तिसरे ठरले. इशीबरोबरच्या दीर्घ कुस्तीनंतर नियमानुसार अर्धा तास विश्रांती मिळायला हवी असताना खाशाबांना लगेच मम्मदबेयोवसमोर उभे करण्यात आले आणि त्यांची बाजू मांडायला एकही भारतीय पदाधिकारी तेथे नव्हता, असे सांगितले जाते. ही बाब लिहिण्यापूर्वी अधिकृत अहवालातला फेऱ्यांचा क्रम आणि त्या क्रमाशी ही हकिकत किती जुळते, ते स्वतः पाहावे.

हेलसिंकीच्या खर्चासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते आणि ती लेखात यायलाच हवी. मात्र तिच्यावर ‘गुरूचे ऋण’ वगैरे मथळे चढवण्याऐवजी तो व्यवहार कसा झाला, गावोगाव वर्गणी कशी गोळा झाली, याचे धागे कोल्हापूर आणि कराड येथील जुन्या कागदपत्रांत, संस्थांच्या अहवालांत आणि त्या वेळच्या बातम्यांत शोधावेत. पदक घेऊन परतल्यावर कराडजवळ बैलगाड्यांची मोठी मिरवणूक निघाली. त्या गाड्या कुठे शंभर आहेत, तर कुठे १५१. नेमकी संख्या सिद्ध होत नसेल तर ‘शंभराहून अधिक’ एवढेच म्हणावे. त्याने मिरवणुकीची शोभा तसूभरही कमी होत नाही.

‘पहिला’, ‘एकमेव’, ‘सर्वांत तरुण’ असे शब्द लिहिताना नेहमीच थांबावे. मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले, ते पॅरालिम्पिकमध्ये आणि हायडेलबर्ग येथे. त्याच वर्षीचे ऑलिंपिक म्युनिकला होते म्हणून अनेकांनी पेटकरांनाही म्युनिकला नेऊन बसवले आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले, तेव्हा खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले, हे विधान बरोबर आहे. त्यातला ‘ऑलिंपिक’ हा शब्द निसटून केवळ ‘पदक’ उरला, तर पेटकर अन्यायाने पुसले जातात.

साक्षीदार हयात असतील तर त्यांना अवश्य भेटावे, पण सांगाडा तयार झाल्यावर. प्रश्न मोकळा विचारावा. ‘त्या दिवशी तुम्ही कुठे होता?’ असे विचारल्यास माणूस स्वतःचे सांगतो, आणि ‘तेव्हा सारा गाव जल्लोष करत होता ना?’ असे विचारल्यास तो तुमचेच वाक्य परत करतो. टनब्रिज वेल्सची खेळी आपण दूरचित्रवाणीवर पाहिली, असे कोणी मनापासून सांगितले तर त्याला खोटे पाडू नये. स्मरणात दोन सामने मिसळणे स्वाभाविक आहे. अशा माणसाकडून धावसंख्या नव्हे, तर रेडिओ कोणाच्या घरी होता, निकाल कसा कळला, दुसऱ्या दिवशी मैदानावर मुले काय खेळली, हे टिपून घ्यावे, कारण ते कोणत्याही धावफलकात मिळत नाही.

प्रतिस्पर्ध्याला पूर्ण नाव आणि त्याची बाजू द्यावी. १५ मार्च १९७५ रोजी क्वालालंपूर येथे भारताने पाकिस्तानला २–१ असे हरवून हॉकीचा विश्वचषक जिंकला. अशोक कुमारचा निर्णायक गोल झालाच नव्हता, असे पाकिस्तानी खेळाडूंचे म्हणणे होते आणि पंचांनी तो ग्राह्य धरला. हा वाद लेखातून वगळणे म्हणजे त्या क्षणाचा ताणच काढून घेणे होय. परकीय नावे मूळ उच्चाराच्या शक्य तितकी जवळ लिहावीत आणि संपूर्ण लेखात एकाच पद्धतीने लिहावीत.

प्रत्यक्ष लिहिताना सुरुवात निकालापासून न करता अनिश्चिततेच्या बिंदूपासून करावी: धावफलकावर १७ धावांत ५ बाद, किंवा बिंद्रा आणि हक्किनेन बरोबरीत. पार्श्वभूमी त्यानंतर, आणि तीही वाचकाला तिची गरज भासेल तेवढीच. खेळाडूच्या मनातले विचार त्याने स्वतः सांगितलेले वा लिहिलेले नसतील तर लिहू नयेत, आणि अवतरणचिन्हांत तर मुळीच घालू नयेत. ‘ऐतिहासिक’, ‘अभूतपूर्व’, ‘देदीप्यमान’ ही विशेषणे पहिल्या खर्ड्यात खुशाल येऊ द्यावीत. दुसऱ्या खर्ड्यात ती काढून त्यांच्या जागी तपशील भरावा.

छायाचित्र वापरायचे असल्यास ते कोणी, कधी आणि कोठे काढले, याची खातरजमा करावी. भारतीय कायद्यानुसार, २०१२च्या दुरुस्तीपासून, छायाचित्रावरील स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो, परदेशी छायाचित्रांसाठी नियम वेगळे असू शकतात, आणि जुन्या संघचित्राखालची नावे तर अनेकदा डावीकडून उजवीकडे न लागता भलत्याच क्रमाने छापलेली असतात, त्यामुळे प्रत्येक चेहरा दुसऱ्या एका छायाचित्राशी ताडून पाहावा. छापायला देण्यापूर्वी मजकूर त्या खेळातल्या जाणकाराकडून, शक्य झाल्यास माजी पंचाकडून, वाचून घ्यावा. आधारांची टिपणे मात्र प्रकाशनानंतरही जपून ठेवावीत, कारण पुढे एखादा वाचक तारखेची किंवा आकड्याची दुरुस्ती सुचवेल, तेव्हा मूळ नोंद पुन्हा उघडून त्याला नेमके उत्तर देता आले पाहिजे.